न उमटलेला ह

कामिल नदाफांनी चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, पडद्याकडं वाकून पाहिलं आणि शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तशा ठणठणीत आवाजात वाचलं,

"बारताचे नवे दोरण."

कर्नल सरनोबत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. डॉक्टरांनी पडद्यापुढं बसायला बंदी केल्यापासून ब्लॉगवरचं सगळं त्यांना कामिलच वाचून दाखवत. डोळे न उघडता ते म्हणाले,

"दोरण? धोरण म्हणायचंय का?"

"लिहिलंय ते वाचतोय साहेब. गडहिंग्लज सोडून पुढं गेलं की धोरणाचं दोरण होतंय. कर्नाटक लागतं न्हवं."

रामलिंग हत्तरगी नुसते हसले. त्यांचाच लेख होता तो. कामिलनीही मनसोक्त हसून घेतलं आणि मग नेहमीसारखे ते खुर्ची पुढं ओढून एकेक अक्षर दुरुस्त करायला लागले. बारतचा भारत केला, दोरणचं धोरण. मित्राच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून द्यावं, तसं निवांतपणे.

ब्लॉगचं नाव होतं 'तळावरून'. तिघांतले कर्नल तेवढे सुरुवातीपासून अधिकारी. रामलिंग आणि कामिल शिपाई म्हणून एकाच वर्षी भरती झालेले आणि पायरी पायरीनं चढत कॅप्टन होऊन परतलेले. सकाळी टाऊन हॉलच्या बागेत पेपरातल्या बातम्यांवर तिघं इतक्या तावातावानं बोलत की शेजारची बाकडी रिकामी व्हायची. हल्ली असलं सगळं इंटरनेटवर लिहितात, असं कर्नल कुठून तरी ऐकून आले आणि शिकवायचं काम रामलिंगांच्या सुनेच्या गळ्यात पडलं. सुष्मिता बाळाला मांडीवर घेऊन एका हातानं थोपटायची आणि दुसऱ्या हातानं माउस फिरवायची. इंग्रजी अक्षर दाबलं की पडद्यावर मराठी उमटतं, हे तिनं दाखवलं तेव्हा रामलिंग बराच वेळ नुसते बघत राहिले होते. मग त्यांनी बाकीच्या दोघांना समोर बसवून कवायतीसारखं घोकवून घेतलं. बी, ब. बी एच, भ. डी, द. डी एच, ध.

लेख ज्यानं त्यानं घरी लिहायचा, पाठवायचा आणि मंगळवारी दुपारी नागाळा पार्कात कर्नलांच्या बंगल्यावर एकत्र वाचायचा, अशी शिस्त पडली. अभिप्राय सगळ्यांना खुले ठेवायचे, यावर मात्र कर्नल अडून बसले. "उभ्या जन्मात आपण वरच्यांना उलट बोललो नाही आणि खालच्यांना बोलू दिलं नाही. आता तरी लोकांना बोलू देऊ," असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर रामलिंगांच्या लिहिण्यातून ह गळायला लागला. आधी त्यांना वाटलं, बोटं थकली. मग वाटलं, जीभच माघारी फिरली. गडहिंग्लजपुढच्या नेसरीला त्यांच्या घरी कानडी बोलत. आई भाकरीला बाकरी म्हणायची आणि भावाला बाव. शाळेत गुरुजींनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारून मारून त्यांचा भ घडवला होता. पुढं पलटणीत, साहेबांसमोर, तो कधी ढळला नाही. आता म्हातारपणी आईची जीभ बोटांतून डोकं वर काढतेय, असं त्यांना वाटे. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. उलट, कामिल 'बारत' म्हणून ठणकावून वाचत तेव्हा क्षणभर चुलीजवळ बसल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबर संपता संपता मुंबईवर हल्ला झाला. घराघरांत टीव्ही चालू झाले ते बंद होईनात. रामलिंगांचा मुलगा बसवेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता. त्या आठवड्यात रात्रपाळी करून आला की तो बूटही न काढता टीव्हीसमोर बसायचा. बाळ त्याच्याकडं झेपावायचं आणि त्याचं लक्ष नसायचं. कुणी युद्ध मागत होतं, कुणी बदला. कामिलनी लेख लिहिला तो तेव्हा. लेख छोटाच होता. मेलेल्या शिपायाच्या घरी निरोप घेऊन मी गेलेलो आहे, असं त्यात होतं. दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. युद्ध मागणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर त्या दारापर्यंत यावं.

मंगळवारी भल्या पहाटे रामलिंगांनी संगणक चालू केला. कामिलच्या लेखाखाली तीन-चार नवे अभिप्राय आले होते. शेवटचा होता तो असा:

'अनामिक म्हणाले: असल्यांनी आमाला देसबक्ती सिकवू नये. दोका बाएरून नाई, गरातूनच आए.'

अभिप्रायाखाली कचऱ्याच्या डब्याचं छोटं चित्र होतं. रामलिंगांनी बाण त्यावर नेऊन ठेवला आणि बोट दाबणार, तोच नजर 'दोका'वर अडकली. मग 'गरातूनच'वर. त्यांनी बोट उचललं.

खुर्ची पुढं ओढून, कोरं पान उघडून, त्यांनी एकेक कळ बघून बघून दाबली. भारत. पडद्यावर उमटलं, बारत. पुन्हा दाबली. पुन्हा बारत. मग एचवर अंगठा ठेवून भार दिला. आत काहीतरी चिकट सुटल्यासारखं झालं आणि भारत उमटला.

जीभ बिचारी जागच्या जागी होती.

सुष्मिता चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते. बाळ तिच्या खांद्यावर गालाला गाल लावून झोपलेलं.

"ही एचची कळ अडकतीया काय गं?"

तिचा चेहरा उतरला. "दिवाळीत बाळाचं खोकल्याचं औषध सांडलं होतं, मामा. पुसलं होतं मी, पण आत गेलं असणार. तुम्हांला सांगायचंच राहिलं. ह्यांना म्हटलं होतं नवा कीबोर्ड आणा, तर जोरात दाबलं की उमटतंय म्हणाले."

"बसवेश बसतो यावर?"

"बसतात की कधीमधी. काल कामावर जायच्या आधी बराच वेळ बसले होते." कप ठेवता ठेवता ती थांबली. "का हो मामा?"

"काय न्हाय. चहा चांगला झालाय," ते म्हणाले. चहाला त्यांनी अजून तोंडही लावलं नव्हतं.

पुसून टाकायचं तर कामिलनी ते आधीच वाचलेलं असणार. पहाटेची नमाज झाली की त्यांचं पहिलं काम ब्लॉग उघडणं. आणि ही गळालेली अक्षरं अख्ख्या जगात कुणी ओळखणार असेल तर तोच माणूस, जो दिवाळीपासून ती बसून भरून काढत होता. त्यांना काय वाटलं असेल? असं लिहिणारा एकच माणूस त्यांना माहीत होता.

रामलिंगांनी फोन उचलला, नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. मी लिहिलं नाही म्हणायचं, तर मग कुणी लिहिलं ते सांगायला हवं. बसवेश जन्मला तेव्हा ते लडाखात होते. रजेवर आलेल्या कामिलनी नेसरीहून त्यांच्या बायकोला, रत्नव्वाला, दुधाच्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं होतं, आणि बाहेरच्या बाकड्यावर रात्र काढून सकाळी तार केली होती. रत्नव्वा असती तर तिनं आज काय केलं असतं, ते रामलिंगांना नेमकं ठाऊक होतं. तिनं पोराच्या मुस्काटात मारली असती आणि मग स्वतःच रडत बसली असती.

ते आत डोकावले तेव्हा बसवेश पाळीवरून येऊन झोपी गेला होता. शेजारी ठेवलेल्या बाळानं त्याचं बोट मुठीत धरलं होतं. झोपेत त्याचा चेहरा अगदी शाळकरी दिसत होता. रामलिंगांनी दार हळूच ओढून घेतलं.

दुपारी ते नागाळा पार्कात पोचले तेव्हा कामिल आधीच पडद्यासमोर बसले होते. एरवी 'आलं बघा कानडी' असं काहीतरी कानावर पडायचं. आज ते मान हलवून सरकले आणि शेजारी जागा करून दिली.

"वाचा," कर्नल डोळे मिटून म्हणाले. "लोक काय म्हणतायत?"

कामिलनी वाचायला सुरुवात केली. कोडोलीच्या कुण्या पिराजीनं लिहिलं होतं की त्याचा भाऊ फौजेत आहे आणि लेख त्यानं आईला वाचून दाखवला. एका बाईंनी दोनच शब्द लिहिले होते, पटलं काका.

"अजून?"

"अजून एक अनामिक हाय."

कामिलनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत चढवला. रामलिंग त्यांच्या हाताकडं बघत राहिले.

"असल्यांनी आम्हांला देशभक्ती शिकवू नये," कामिल सावकाश वाचत होते. "धोका बाहेरून नाही, घरातूनच आहे."

एकही अक्षर गळलं नाही. श, भ, ध, घ, सगळे जागच्या जागी. रोज 'दोरण' आणि 'बारत' ठणकावून वाचणारा तो आवाज आज प्रत्येक ह हळूच उचलून त्याच्या जागेवर ठेवत होता.

कर्नलांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "भेकड. नाव लिहायची हिंमत नाही. उडवा ते."

"साहेब, मला जरा..." रामलिंग खुर्चीत पुढं सरकले.

"राहू दे साहेब," कामिल मागं न वळता म्हणाले. "उलट बोलू द्यायचं आपलं ठरलंय."

अशुद्ध लिहिणाऱ्यांवर कर्नलांचा भारी राग. ते म्हणाले, "शुद्धलेखन तरी धड आहे का त्याचं?"

"चांगलं हाय. बोट ठेवायला जागा न्हाय."

रामलिंग उठून खिडकीपाशी गेले. बाहेर माळी गुलाबाला आळी करत होता. त्याच्याकडं ते उगीचच बघत राहिले.

निघताना फाटकापाशी दोघंच उरले. कामिलनी स्कूटर स्टँडवरून काढली. एरवी एका किकेत सुरू होणारी त्यांची स्कूटर आज दोनदा नुसतीच खाकरली, कारण पाय नीट बसत नव्हता.

"कामिल, ते मी..."

"तू न्हाईस. मला काय कळत न्हाय व्हय?" ते किकेकडं बघत म्हणाले. "तू एक ओळ लिहायला अर्धा दिवस घेतोस. कळ तुमच्याच घरची अडकतीया, पण हा लिहिणारा भरभर लिहिणारा हाय. रागानं लिहिलंय, म्हणून एच दाबायला सवड न्हाय मिळाली."

तिसऱ्या खेपेला स्कूटर सुरू झाली. हेल्मेटचा पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते म्हणाले,

"बसवेशला निरोप दे. एच जरा जोरात दाब म्हणावं."

आणि वळणावरून दिसेनासे झाले.

घरी येताना रामलिंगांनी शाहूपुरीतून नवा कीबोर्ड घेतला. खोका काखेत मारून ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बसवेश जेवायला बसला होता, सुष्मिता बाळाला घेऊन मागल्या दारी काऊ-चिऊ दाखवत होती. रामलिंगांनी खोका कपाटावर, भिंतीकडं सरकवून ठेवला आणि पाट ओढून मुलासमोर बसले.

"कामिलकाकानं तुला निरोप दिलाय."

"काय?"

"एच जोरात दाब म्हणाला."

भाकरीचा तुकडा मोडलेला हात ताटावरच थांबला. मग बसवेश ताटाकडं बघत म्हणाला, "काकांना धरून नव्हतं ते, अप्पा. टीव्हीवर सारखं सारखं ते बघून... नाव तरी कुठं घेतलंय मी त्यांचं?"

"न्हाय घेतलंस. त्याच्या लेखाखाली लिहिलंस."

"काका काय म्हणाले?"

"कर्नलसाहेबांना वाचून दाखवलं त्यानं. सगळं शुद्ध करून वाचलं. माझं वाचताना हसतोय तो. तुझं वाचताना हसला न्हाय."

बसवेशनं तुकडा ताटात ठेवला. उठला, मोरीत हात धुतले, आणि ते पुसत तसाच बाहेरच्या खोलीत गेला. संगणक सुरू झाल्याचा आवाज आला.

सुष्मिता बाळाला घेऊन आत आली, ताटातलं अर्धं जेवण बघून दाराशी थबकली आणि तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. रामलिंगांनी हातानंच तिला थांबवलं.

"नवा आणलाय व्हय मामा?" तिला कपाटावरचा खोका दिसला होता. "देऊ का नेऊन?"

"नको. उद्या बघू."

बाहेर खुर्ची पुढं ओढली गेली. मग कळा वाजायला लागल्या. बसवेशची बोटं तरुण, एरवी पावसाच्या सरीसारखी धावणारी. आज ती अडखळत चालली होती. थोडी हलकी टकटक व्हायची, मग एक कळ दाणकन वाजायची. पुन्हा टकटक, पुन्हा ती एक. सुष्मिताच्या खांद्यावरचं बाळ प्रत्येक ठोक्याला डोळे मोठे करून दाराकडं बघत होतं. रामलिंगांनी मुलाचं ताट झाकून ठेवलं आणि भिंतीला टेकून ते ऐकत राहिले.