माझ्या पोटातला ब्रुनोस्ट

मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. मित्रांनो, शेगडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोळशाची बुटकी शेगडी आली असेल, तर ती मी नव्हे. मी चांगली कमरेएवढी उंच आहे. पुढे लोखंडी दार, दाराखाली राखेचा खण, आणि डोक्यातून थेट छपराबाहेर गेलेलं धुरांडं. नॉर्वेतल्या एका खाडीकाठी लाकडी घर आहे, त्या घराच्या बैठकीच्या खोलीत मी नव्वद वर्षं एकाच कोपऱ्यात उभी आहे. चार पाय आहेत, पण चालण्याचा योग कधी आला नाही.

माझा जन्म वाळूत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि मी निघाले. माझ्या दोन्ही कुशींवर एल्क हरीण कोरलेलं आहे, मोठ्या शिंगांचं, ऐटबाज. ओतणाऱ्याचा हात जरा हलला असावा, कारण डावीकडच्या एल्कचा एक डोळा मिटलेला निघाला. तेव्हापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारत आले.

कामाची वर्षं विचारू नका. ओले हातमोजे, खारट वासाचे पायमोजे, मासेमारीहून आलेल्यांची गारठलेली ढुंगणं, सगळी माझ्याच भोवती वाळली. खोड्याही केल्या. एकदा एक पाद्रीबाबा माझ्याकडे पाठ करून संयमावर बोलत होते. त्यांच्या कोटाला मागून असा चटका दिला की संयम संपला आणि बोलणंही संपलं. लोक म्हणायचे, काय शेगडी आहे, दोन ओंडक्यांत घर तापवते. मी फुगून जायचे. बिडाला जेवढं फुगता येतं तेवढी.

मग भिंतीवर एक पांढरा डबा आला. बटण दाबलं की गरम हवा फेकतो. माझ्या डोक्यावर नेच्याची कुंडी बसली. कडाक्याच्या थंडीतच काय ती माझी आठवण व्हायची. आतल्या जाळीची एक सळई तुटली, राखेचा खण वाकडा झाला आणि त्याला दोन बोटांची फट पडली. धुरांडं साफ करणारा माणूस दरवर्षी म्हणायचा, "हे तेवढं करून घ्या." घरचा आइविंद दरवर्षी म्हणायचा, "बघतो." आइविंदनं बघितलेली वस्तू या घरात मी अजून पाहिलेली नाही.

आता घरातली माणसं सांगते. आइविंद, त्याची बायको सुन्निव्हा, नऊ वर्षांची मुलगी इल्वा, आणि आइविंदची आत्या तोरबोर्ग. सुन्निव्हा समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटावर कामाला असते, दोन आठवडे तिकडे आणि मग घरी. आइविंदला आत्यानंच वाढवलं. घरातले सगळे तिला आत्याच म्हणतात, इल्वासुद्धा. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज माझ्या दारासारखा. आणि शेगडी हा आत्याचा प्रांत.

आमच्याकडे एक रीत आहे. शेवटी जो शेगडी विझवतो, त्यानं राख काढायची आणि पुढच्यासाठी लाकडं रचून ठेवायची. पुढचा आला की त्यानं नुसती काडी ओढायची. मे महिन्यात थंडी सरली की आत्या मला साफ करते. तळाला कागद आणि बर्च झाडाची चटकन पेटणारी साल, त्यावर बारीक काटक्या, वर ओंडके. मग दार लावते. ते दार शरदातल्या पहिल्या थंडीपर्यंत कुणी उघडायचं नाही. रचलेल्या शेगडीत डोकावणं म्हणजे रचणाऱ्यावर संशय घेणं. तो अपमान आत्याचा कुणी केला नव्हता.

त्या सप्टेंबरात इल्वाचा हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा गुबगुबीत पाळीव प्राणी, पळाला. त्याचं नाव ब्रुनोस्ट. आमच्याकडच्या तपकिरी चीजच्या रंगाचा, म्हणून ब्रुनोस्ट. रविवारी सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं, भुशात खड्डा, ब्रुनोस्ट गायब. इल्वानं कपाटं उपसली, बुटांत हात घातले, पियानोखाली आडवी झाली. रडली नाही, पण तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

त्याच दुपारी माझ्या खणाच्या फटीत काहीतरी खुडबुडलं. मऊ, कोमट, घाईत असलेलं. खणातून वर, तुटलेल्या सळईच्या जागेतून आत, थेट ओंडक्यांच्या खाली. मित्रांनो, मला आधी गुदगुल्या झाल्या. नव्वद वर्षांत पोटात कुणी जिवंत आलं नव्हतं. त्यानं आत्याचा कागद फाडला, साल कुरतडली, कुठून तरी आइविंदचा लोकरीचा मोजा ओढून आणला आणि घर केलं. मी मनात म्हटलं, राहा बाबा, भाडं नको.

मग मला आठवलं की मी कोण आहे.

माझ्या पोटात शिरलेलं काही पुन्हा बाहेर आलेलं नाही. आलं ते राख होऊन. आणि सप्टेंबर चालू होता.

आयुष्यभर मी थंडीची वाट बघितली. थंडी आली की माझा मान. आता मी खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, आज ऊन राहू दे. सोमवारी राहिलं. मंगळवारी पलीकडच्या डोंगराचा माथा पांढरा झाला आणि माझं बीड गार पडलं.

इल्वा पोरगी हुशार. तिनं सोमवारी संध्याकाळी सगळ्या दारांत आणि जमिनीवर पीठ भुरभुरलं होतं. ब्रुनोस्ट रात्री माझ्या फटीतून बाहेर फिरून यायचा; मंगळवारी सकाळी पिठावर बारीक पावलं उमटली होती. तुरुतुरु चालत ती पियानोपासून निघाली आणि माझ्या पायाशी संपली. इल्वानं माझ्याशेजारची लाकडांची टोपली रिकामी केली. काही नाही. मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं दाराच्या कडीवर हात ठेवला.

"आत्या, शेगडीत तर नसेल?"

आत्या खिडकीशी बसून विणत होती. "मे महिन्यात मी स्वतः रचलीय ती. दार मी लावलंय."

"पण पावलं इथं संपतात."

"पावलं तुझ्या बापाचीही इथं संपतात, म्हणून तो आत बसलाय का? फुकट माझी रचना मोडशील. तिथं आता काडीशिवाय कुणी जायचं नाही."

इल्वानं हात काढला. मित्रांनो, मी शेगडी आहे, मला तोंड असून बोलता येत नाही. मी कुरकुरायचं ठरवलं, पण थंड बीड कुरकुरत नाही. ते फक्त तापल्यावर बोलतं. माझी अडचण समजली ना तुम्हाला? ओरडायला मला आग हवी, आणि आग लागली की ओरडून उपयोग नाही.

बुधवारी सुन्निव्हा परत यायची होती. दोन आठवडे वाऱ्यात काढून आली की ती पहिल्यांदा माझ्याकडे पाठ करून उभी राहते, मग कोट काढते. बुधवारी सकाळपासून थंड पाऊस. आत्या स्वयंपाकघरात वाफल्सचं पीठ घोटत होती. तिथून तिनं हाक दिली, "आइविंद, शेगडी पेटव रे. नुसती काडी ओढ, बाकी मी केलंय."

माझ्या पोटात ब्रुनोस्ट झोपला होता. दिवसा तो झोपायचा, मोज्यात, गोळा होऊन. त्याचं काळीज माझ्या जाळीवर बारीक बारीक वाजत होतं.

आता आइविंदचं ऐका. शेगडी खालून नाही, वरून पेटवायची, धूर कमी होतो, असं तो कुठल्याशा पत्रकात वाचून आला होता. गेल्या हिवाळ्यात त्यावरून आत्याशी तीनदा वाजलं होतं. आत्या आत आहे हे बघून त्यानं दार हळूच उघडलं. खाली बघितलं नाही. कशाला बघेल? रचलेलं होतं. त्यानं ओंडक्यांच्या माथ्यावर चार काटक्या ठेवल्या, मेणाची वडी ठेवली, काडी लावली, दारातली हवेची झडप उघडली. वरून पेटवताना खालची हवा नको, म्हणून वाकड्या खणाला टाच मारून तो पार आत ठोकला.

ती फट बंद झाली. ब्रुनोस्टची बाहेर पडायची तीच एक वाट होती.

ज्वाळा वर, तो खाली. पहिली ऊब ओंडक्यांच्या मधून झिरपली आणि त्याला जाग आली. तो सळईच्या जागेतून खाली उतरला, खणात धावला, पत्र्यावर नखं घासली, परत वर आला. परत खाली. परत वर. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. माझी छाती तापत होती, आणि पहिल्यांदाच मला ती तापायला नको होती. एक निखारा ओंडक्यांच्या फटीतून घरंगळला आणि मोज्यावर पडला. लोकर लगेच पेटत नाही. धुमसते. तिचा वास उठला, जळक्या केसांसारखा.

मी "टक" असा आवाज केला. तापल्यावर आम्ही करतोच. कुणी लक्ष दिलं नाही. पुन्हा केला.

आत्या बाहेर आली. हाताला पीठ. ती माझ्यासमोर थांबली आणि तिनं झडपेतून आत बघितलं.

"वरून पेटवलंस."

"पेटलीय ना छान?" आइविंद म्हणाला.

"मी रचलेली शेगडी वरून पेटवलीस."

"आत्या, त्यानं धूर कमी होतो, लाकूड कमी लागतं..."

"माझी साल खाली आहे. बर्चची. मी हातानं सोललेली. ती काय बघायला ठेवलीय? उघड दार."

"जळतंय की नीट. कशाला उघडू?"

"मग वास कसला येतोय? लाकडाचा येतोय का हा? पत्रक वाचून शेगडी पेटवणारे, सरक बाजूला."

आइविंद दारासमोरून हलेना. तोही तिनंच वाढवलेला, तितकाच हट्टी. "सुन्निव्हा येईल आता. गरम घरात येऊ दे तिला."

"येईल तर येईल. काकडेल थोडी. सरक."

मित्रांनो, मी तुम्हाला सांगते, त्या दोघांचं भांडण चालू होतं तेवढा वेळ माझ्यासाठी एखाद्या हिवाळ्याएवढा होता. ब्रुनोस्ट आता धावत नव्हता. मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

आत्यानं चिमटा उचलला. दार उघडलं. पेटत्या काटक्या एकेक काढून राखेच्या बादलीत टाकल्या. मग वरचा ओंडका. मग दुसरा. खोलीभर धूर झाला, आइविंद खोकत खिडक्या उघडायला लागला, आणि ती बडबडत होती, "दाखवते तुला. काडी लावायची जागा कुठं असते ते दाखवते. एका काडीत पेटली असती, एका..."

ती थांबली.

"माझी साल कुठाय?"

"मी हात लावला नाही," आइविंद म्हणाला.

"कागद पण नाही. मी अख्खा पेपर घातला होता." तिनं चिमटा आत घालून ढवळलं आणि धुमसणारा मोजा बाहेर ओढला. त्यातून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं गळली. जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली इल्वा उठली. ती आली, गुडघ्यांवर बसली, आणि बाही वर न करता खांद्यापर्यंत हात माझ्या आत घातला.

तिची बोटं माझ्या मागच्या भिंतीवर चाचपडली. मी तापलेली होते. तिला चटका बसला, मला कळलं, पण तिनं हात काढला नाही. मग बोटं थांबली. मग मिटली.

ब्रुनोस्ट बाहेर आला तेव्हा काळा होता. एका बाजूच्या मिशा जळालेल्या. डोळे मिटलेले. दोन्ही गाल आत्याच्या बर्चच्या सालीनं टम्म भरलेले. इल्वानं त्याला कानाशी धरलं. खोलीत पावसाचा आवाज होता, तेवढाच.

"वाजतंय," ती म्हणाली. "आतलं वाजतंय."

आत्या खाली बसली. फरशीवर, राखेत. वीस वर्षांत तिला जमिनीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि माझ्या उघड्या दाराकडे बघत राहिली. तळाला, जाळीवर, जिथं साल असायला हवी होती तिथं. तिच्या रीतीनं काडी तिथंच लागली असती. सगळ्यात आधी तिथं.

आइविंदच्याही ते लक्षात आलं. "आत्या, म्हणजे मी जर खालून..." तो म्हणाला.

"बोल," आत्या म्हणाली. "आज बोल, ऐकून घेईन."

"काही नाही."

"पोरीनं विचारलं होतं मला. इथं उभी राहून विचारलं होतं. आणि मी विणत बसले."

आइविंदनं तिला हाताला धरून उठवलं नाही. तोच तिच्या शेजारी राखेत बसला. इल्वानं ब्रुनोस्टला आत्याच्या पिठानं माखलेल्या ओंजळीत ठेवलं. त्यानं एक डोळा उघडला, आत्याच्या अंगठ्याला कडकडून चावला आणि परत मिटून घेतला.

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "चाव अजून."

सुन्निव्हा आली तेव्हा घर धुरानं भरलेलं, खिडक्या सताड, शेगडी गार, आणि तिघं जण जमिनीवर कोळशासारखी काळी. तिनं कोट काढला नाही. कोटातच वाफल्स खाल्ले. त्या दिवशी माझ्याकडे पाठ करायला कुणी आलं नाही, आणि मित्रांनो, नव्वद वर्षांत प्रथमच मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन दिवसांनी आइविंदनं नवी जाळी आणि नवा खण आणला. दोन्ही मला नीट बसतात. रीत मात्र बदलली. आता मला पेटवायच्या आधी इल्वा दार उघडून तळापर्यंत हात फिरवते, आणि आत्या काडी हातात धरून शेजारी उभी राहते. इल्वा "रिकामी" म्हणेपर्यंत ओढत नाही. पेटवायचं वरून की खालून, हे भांडण अजून चालू आहे. ते मिटणार नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात शेगडी नसेल, धुण्याचं यंत्र असेल, भट्टी असेल, अंगणात वाळक्या पानांचा ढीग असेल. आम्हा यंत्रांना आणि आगींना दयामाया कळते, पण थांबता येत नाही. ते काम तुमचं. आणि लहान मुलानं विचारलं, "तिथं तर नसेल?" तर बसल्या जागेवरून उत्तर देऊ नका. उठा, वाका आणि आत हात घाला.