काचेच्या पेटीतला समुद्र

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगरात प्यायला पाणी नव्हतं आणि यशया मास्तरांनी घरात समुद्र पाळला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण थोडी अक्कल तरी असावी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा हा माणूस ओख्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रवाळ खडकांतून काही शिंपले जिवंत घेऊन आला होता. कानाच्या पाळीएवढे, खडकाच्याच रंगाचे, गोगलगायीसारखे सरकणारे. दिवसा दगडाखाली घट्ट चिकटून बसायचे, अंधार पडला की शेवाळ खरवडायला निघायचे. एक सोडून सगळे मेले. त्या एकासाठी मास्तर समुद्राचं ताजं पाणी आणायला मुंबईला निघाले.

पाणी आटतं पण मीठ मागेच राहतं, हे ते वर्गात दरसाल सांगत. बायकोला मात्र एसटी चुकेल या घाईत एवढंच म्हणाले, "कृपा, रोज पेटीवरच्या खुणेपर्यंत पाणी घाल. सायकलच्या पंपाने हवा दे. तुझ्या भरवशावर ठेवून चाललोय." शिकलेल्यांना वाटतं, घरच्यांना बाकीचं आपोआप कळतं.

कृपा जामखेडकडची. टँकरवर भांडून आणलेल्या घागरीतून तिने आपल्या वाटणीचा तांब्या पेटीसाठी काढला आणि थबकली. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी कसं सोसणार? तिने त्यात मूठभर मीठ विरघळवलं आणि ओतलं.

दोन दिवसांत शिंपल्याची पकड सैल झाली. तिने मीठ वाढवलं. पंप मारून मारून हात भरून आले. कधी उजेडात न दिसणारा तो जीव भर दुपारी दगडाखालून निघून काचेवर चढू लागला.

"काय पायजे रे तुला?" ती रडवेली होऊन विचारत राहिली.

शेजारची चांगुणा दारातून म्हणाली, "मान्सं तहानलीत अन् तू शिंपल्याला पानी पाजती व्हय?"

कृपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने आणखी एक तांब्या ओतला, मीठ घालूनच.

मास्तर डबे घेऊन परतले तेव्हा शिंपला तळाशी उताणा पडला होता. त्यांनी पेटीत बोट बुडवून चाखलं आणि थुंकले.

"मीठ कमी पडलं का?" कृपाने विचारलं. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

"मीठ घालायचंच नव्हतं. नुसतं पाणी घालायचं होतं."

"नुसतं पानी तर माज्याजवळ हुतं की हो," ती म्हणाली.