फेरीवर गेलेलं पत्र

पळण्याच्या शर्यतीत माणूस पळाला की टाळ्या पडतात; चालण्याच्या शर्यतीत पळाला की हाकलतात. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा आणि पुढे पडणारा गुडघा ताठ हवा. या दोन अटी सांभाळून घाई करायची म्हटलं की कंबरेला जे काही करावं लागतं, ते पाहून क्रीडा वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'बदक' ठेवलं. तिनेही ते मुकाट्याने घेतलं. बदकं घरापासून फार लांब जात नाहीत, एवढाच काय तो फरक होता. तिचं घर चौदा तासांवर होतं.

हा खेळ तिला कुठल्या सरांनी शिकवला नव्हता. तिचे बाबा पोस्टमन. सहाव्या वर्षापासून शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर फेरीला जायची. तीनशे चाळीस दारं. बाबांची एक ढांग म्हणजे तिच्या तीन; तेव्हा बरोबरीने राहायचं तर पळणं आलं. पण पळायला बंदी.

"का पण?"

"पोस्टमन पळताना दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. कुणी गेलं की काय, असं वाटतं."

"मी कुठे पोस्टमन आहे?"

"पोस्टमनची मुलगी पळताना दिसली तर पोस्टमनच गेला असं वाटेल. चाल गुपचूप."

तर ती न पळता बरोबरीने राहायला शिकली. पुढे शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला घंटेनंतर व्हरांड्यातून वर्गाकडे जाताना पाहिलं, आणि शिक्षा करायची की स्पर्धेला पाठवायची हे ठरवायला एक दिवस मागून घेतला.

बाबांचा दुसरा नियम जरा विचित्र होता. फेरीच्या शेवटच्या कोपऱ्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका दारात खुर्ची टाकून बसायच्या. मुलगा परदेशात. पत्र वर्षाला एक, तेही आलं तर. पण बाबा रोज थांबायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "आज काही नाही, बाई. उद्या बघू."

"बरं," बाई म्हणायच्या आणि खुर्ची आत न्यायच्या.

"बाबा, पत्र नाही तर थांबायचं कशाला?"

"सकाळपासून बसल्यात त्या. नसल्याचं तरी पोचवायला नको?"

वसतिगृहाच्या फाटकावर नसल्याचं पोचवायची पद्धत नव्हती. तिथे पहाऱ्याला एक काका होते. टपाल त्यांच्याकडे यायचं. काही आलंय का विचारलं की वर्तमानपत्राआडून "नाही" एवढंच यायचं. कधी कधी नुसतं वर्तमानपत्र हलायचं.

"काका, नुसतं नाही म्हणू नका हो," एकदा तिने सांगून पाहिलं. "आज काही नाही, उद्या बघू, असं म्हणा."

"उद्या तरी कोण लिहिणारे तुला?"

"ते नका सांगू. तेवढं म्हणा."

"पगारात बसत नाही," काका म्हणाले आणि पान उलटलं.

तसा बाबांचा फोन यायचा. "बरी आहेस?" "हो." "जेवतेस?" "हो." "बरं, आईला देतो." तीस वर्षं लोकांचं बोलणं दारोदार पोचवलेल्या माणसाकडे स्वतःचं असं फारसं उरलं नसावं. ढिगांनी पत्रं वाटली त्यांनी, पण एकही लिहिलं नव्हतं. तिला त्यांचं अक्षर ठाऊक होतं ते परतीच्या पाकिटांवरचं: 'पत्ता अपुरा.' 'घर बंद.' त्या अक्षरात आपलं नाव पाहावं, एवढीच तिची हौस. शेवटी तिनेच लिहिलं: 'बाबा, पुढच्या रविवारी अंतिम शर्यत आहे. या. येता आलं नाही तर पत्र तरी पाठवा.'

आईने फोनवर खबर दिली. "लिहितायत. चार दिवस झाले. 'चिरंजीव मुलीस' इथवर आलेत."

"मग अडलंय कुठे?"

"मी म्हटलं, अनेक आशीर्वाद लिहा. तर म्हणाले, अनेक म्हणजे नक्की किती?"

आणि सोमवारी: "सुटले बाई एकदाचे. सकाळीच टाकलं म्हणाले."

सोमवारी टाकलं म्हणजे बुधवारी यायला हवं. बुधवारी वर्तमानपत्र हललं. गुरुवारी "नाही." शुक्रवारी तिने सकाळी विचारलं, दुपारी विचारलं आणि सराव अर्धा टाकून पुन्हा विचारून आली. वसतिगृहाच्या सरांनी शिट्टी वाजवली.

"बदके! पाय उचलतेयस तू. गाडी सुटतेय का?"

"नाही सर."

"मग टेकव की जमिनीला. फुकटची आहे."

शनिवारीही काही आलं नाही. मग तिने मनाशी गणित मांडलं: पत्र नाही, म्हणजे स्वतःच येतायत. असं गणित घरापासून लांब राहणाऱ्यांनाच सुटतं.

रविवारी दोन किलोमीटरच्या रस्त्यावर पाच फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीत मैदानाचं फाटक लागायचं आणि प्रत्येक वेळी तिची मान तिकडे वळायची. फाटकापाशी फुगेवाला, कुणाची तरी आजी, दोन हवालदार. बाबा नाहीत. पुढच्या फेरीत असतील, म्हणून फाटक लवकर यावं, म्हणून पावलं लवकर, म्हणून दोन्ही पाय क्षणभर हवेत. तीन फेऱ्यांत फळ्यावर तिच्या क्रमांकापुढे दोन लाल खुणा लागल्या. तिसरी पडली की बाहेर.

"अगं, कुणाला शोधतेयस?" सर ओरडले. "पुढे बघ!"

चौथ्या फेरीत फाटक आलं. तिने नीट पाहिलं. फुगेवाला, आजी, हवालदार. मग धापांमधूनच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, ती स्वतःला म्हणाली, "आज काही नाही, बाई. उद्या बघू." आणि टाच जमिनीवर टेकवली. मग दुसरी. पुढची एक फेरी तिने दारं मोजावीत तशी मोजून काढली. फाटकाकडे पाहिलं नाही.

ती सहावी आली. पुढच्या दोघींना पंचांनी बाद केल्यामुळे चौथी ठरली. सर म्हणाले, "न पळता वर चढलीस. खेळच तो."

पत्र त्याच्या पुढच्या गुरुवारी आलं. साधं कार्ड. कोपरे बोथट, मधून एक घडी, एका बाजूला घामाचा की पाण्याचा डाग. चौदा तासांच्या प्रवासात कार्डाची एवढी दशा होत नाही.

'चिरंजीव मुलीस आशीर्वाद. यायचं तर शनिवार-सोमवार बदली माणूस द्यावा लागतो. माणूस आहे, पण तो दारावर थांबत नाही. बाईंचं अजून काही आलेलं नाही. पळू नकोस. बाबा.'

त्याखाली, वेगळ्या शाईत: 'ता. क. हे त्या सोमवारी पेटीत टाकायचं ते सवयीने पिशवीत टाकलं. पिशवीतलं वाटायचं असतं एवढंच हाताला ठाऊक. आठवडाभर फेरीत तुझं दार काही आलं नाही. आज पिशवी झटकली तेव्हा सापडलं. आईला सांगू नकोस.'

ती फाटकाजवळच्या पायरीवर बसली. म्हणजे ती बुधवारी इथे विचारत होती तेव्हा तिचं नाव बाबांच्या खांद्याला होतं. तीनशे चाळीस दारं, रोज. कोपऱ्यावर थांबून, टोपी सारखी करून, पुन्हा पुढे. रविवारी ती मैदानाच्या फाटकाकडे मान वळवत होती तेव्हा ते पिशवीसकट घरी खुंटीवर टांगलेलं होतं. अक्षर तेच, 'पत्ता अपुरा'वालं. तिने आपला पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. पुरता होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फाटकावर गेली. काही येणार नाही हे तिला ठाऊक होतं. बाबांना दुसऱ्या पत्राला सहा महिने तरी लागणार. तरी गेली.

कार्ड उघडंच येतं आणि काकांना वाचनाची आवड होती. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, टोपी सारखी केली आणि घसा खाकरला.

"आज काही नाही," ते म्हणाले. मग जरा अडखळून, "उद्या बघू."

"बरं," ती म्हणाली आणि मैदानाकडे निघाली. चालत.