मोडक्यांच्या पेटीतलं ग्लायडर

मी एक जुनं लाकडी ग्लायडर आहे, आणि मी मोडलेलं नाही. मित्रांनो, एवढं एक वाक्य नीट ऐकलंत तरी पुष्कळ झालं. माझी निम्मी वर्षं हेच सांगण्यात गेली आणि कुणी ऐकेल तर शपथ!

माझा जन्म एका सुताराच्या घरी, खिडकीजवळच्या बाकावर झाला. त्याच्या मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं. "बाबा, जहाज कसं असतं?" असं तिने एकदा विचारलं, म्हणून त्याने तिला वीतभर लांबीचं जहाज करून दिलं. तिने ते चाचपलं आणि लगेच म्हणाली, "मग होडी कशी असते? आणि गलबत? सगळं असंच का?" सुताराने कपाळावर हात मारला. पण लेकीने विचारलंय म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं. पुढची तीन वर्षं तो कामावरून आला की लाकूड घेऊन बसायचा. सपाट बुडाचा पडाव झाला, उंच डोलकाठीचं गलबत झालं, मोठी जहाजं ओढणारा आखूड आणि गुबगुबीत टग झाला, पाठीवर टेंगूळ आलेली पाणबुडी झाली. तराफा तर एका दुपारीच उरकला. पाण्यावरचं सगळं संपल्यावर स्वारी आकाशाकडे वळली. नाकावर पंखा असलेलं विमान, पायांत होड्या घातलेलं समुद्री विमान, डोक्यावर पाती मिरवणारं हेलिकॉप्टर. सगळ्यांत शेवटी मी.

"याचा पंखा कुठाय?" मुलीने विचारलं.

"याला नसतोच. इंजिनही नसतं. दुसरं विमान याला दोराने ओढून वर नेतं आणि सोडून देतं. मग हे आपलं वाऱ्यावर तरंगत राहतं."

माझ्या लांबसडक पंखांवरून तिने कितीतरी वेळ हात फिरवला. "मला हेच सगळ्यांत आवडलं," ती म्हणाली. मी तेव्हा फुगले ते फुगलेच.

ती शिकून बाहेर पडली तेव्हा सुताराने आमची अख्खी फौज तिच्या शाळेला देऊन टाकली. शाळा न दिसणाऱ्या मुलांची. आमच्या अंगावर नावं लिहिलेली नव्हती. मोठी मुलं लहान मुलांच्या हातात आम्हाला ठेवायची आणि नाव सांगायची, "हा पडाव, बूड बघ. हा टग, पोट बघ." आकार आणि शब्द दोन्ही एकदमच पक्के. मला हातात घ्यायला तर भांडणं व्हायची. काय दिवस होते ते!

मग शाळेत दुरुस्तीवाले काका आले. माणूस भला, पण हात म्हणून स्वस्थ बसायचे नाहीत. मला बघून ते हळहळले, "अरेरे, बिचाऱ्याचा पंखा गेला." बिचाऱ्याचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी माझ्या गुळगुळीत नाकाला भोक पाडलं आणि पत्र्याचा पंखा ठोकला. तो आठवड्यात पडला. त्यांनी पुन्हा ठोकला, तो पुन्हा पडला. भोक मात्र राहिलं. हळूहळू शिक्षकही मला "ते मोडकं विमान" म्हणू लागले, मग मुलंही. नाकाचं दुखणं मी सोसलं, मित्रांनो, पण माझं नावच लोकांच्या तोंडून गेलं, ते सोसवेना.

यंदा नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी कपाटं उघडायला लावली. "मोडकी वस्तू मुलांच्या हाती द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "चुकीचा आकार एकदा हातात बसला की जन्मभर तसाच राहतो." बोलणं खरंच होतं, मला पटलंही. पण त्यांनी यादीत लिहिलं, 'विमान, पंखा तुटलेला', आणि मला तीन पायांच्या घोड्याशेजारी पेटीत टाकलं. मधल्या सुट्टीनंतर भंगारवाला येणार होता.

सुट्टीत मिरची आली आणि तिने पेटीत हात घालून मला चाचपलं. हे तिचं खरं नाव नव्हे, पण जीभ तिखट म्हणून सगळे तसंच म्हणतात. सहावीत आहे. तिची ताई याच शाळेत शिकलेली.

"बाई, या पेटीतलं ग्लायडर मला द्या."

"ग्लायडर नाही गं, ते मोडकं विमान आहे."

"ताईने सांगितलंय मला. लांब पंखांचं, पंखा नसलेलं, ते ग्लायडर."

"मग नाकावर भोक कशाला असेल? हात लावून बघ."

मिरचीने बोट घातलं, ते थेट आत गेलं. माझा जीव टांगणीला लागला. भोक होतं, ते कसं नाकारणार? तिने हळूच दुसरं विमान मागून घेतलं, त्याचा पंखा काढून तिथलंही भोक चाचपलं. आणि एकदम म्हणाली, "बाई, डोळे मिटा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा तर!"

बाईंनी डोळे मिटले. मिरचीने त्यांचं बोट आधी विमानाच्या भोकात घातलं, मग माझ्या.

"आई गं! टोचलं की."

"तेच म्हणतेय मी! विमानाचं भोक आतून घासून गुळगुळीत केलंय. याच्या भोकात कुसळं आहेत. ज्याने हे पंख इतके सुंदर घासले, तो नाक असं सोडेल? हे भोक नंतर कुणीतरी पाडलंय."

दारात उभे असलेले काका खाकरले. "माझंच काम ते. दोनदा केलं."

बाई जरा घुटमळल्या. "तरी पण मिरची, बघणाऱ्याला यात काहीतरी कमीच वाटतं ना?"

"बाई, मला पण लोक विचारतात, तुझे डोळे कधी गेले? गेले कुठे? मला ते नव्हतेच." "मग मला पण टाकणार का पेटीत?"

बाईंनी यादी पुढे ओढली. त्यांनी मला उचललं, यादीतली ओळ खोडली आणि तिथे स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'ग्लायडर'. लिहिताना मोठ्याने म्हटलंही.

"भोक बुजवून देऊ का?" काका ओशाळून म्हणाले.

"आधी इथे बसा, काका. डोळे मिटा," मिरचीने फर्मावलं आणि एकेक करून सगळं कपाट त्यांच्या हातात दिलं. काकांनी पडावाला तराफा म्हटलं आणि पाणबुडीला चक्क काकडी. मिरचीने त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणते, जपायच्या आधी ती ओळखा. आमच्यापैकी प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे, ते विचारून घ्या आणि त्याच नावाने हाक मारा. दया आली म्हणून कुणाच्या नाकाला भोकं पाडू नका. माझं काहीही तुटलेलं नाही. विश्वास बसत नसेल, तर डोळे मिटा आणि हात पुढे करा.