करवतीवरचा लाल दोरा

वखारीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. झाडं तोडणारे तोडे, ओंडके वाहणारे, त्यांच्या बायका; समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बसवून आला होता. मधोमध एका आडव्या ओंडक्यापाशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दोरेबाबा उभे होते आणि त्यांच्या हातात पेट्रोलवर चालणारी करवत होती.

"हिच्यात कोण बसलंय, बघायचंय?"

"बघायचंय, बाबा!"

बाबांनी करवत चालू केली आणि पात्याचं टोक अलगद ओंडक्याला लावलं. करवत हिसका देऊन उसळली, थेट त्यांच्या कपाळाच्या दिशेनं. बाबा आधीच बाजूला झुकले होते. बायका किंचाळल्या.

"मी ढकलली? नाही! लाकडाला हात असतात का? नसतात! मग ढकलली कुणी?"

उत्तराची कुणाला गरज नव्हती. चार महिन्यांपूर्वी सगळ्यांत जुना तोड्या अशीच उसळलेली करवत मानेला लागून गेला होता. त्यानंतर एकाचा गाल फाटला, एकाचा खांदा. म्हातारा शांत झालेला नाही, तो करवतींत शिरलाय, असं आधी कुजबुजत आणि मग उघडपणे बोललं जाऊ लागलं. तेव्हा ठेकेदारानंच बाबांना आणलं.

बाबांनी ओठ हलवले, करवतीला लाल दोऱ्याचे सात वेढे दिले, गाठ आवळली आणि त्याच ओंडक्यावर पातं टेकवलं. ओंडक्याचे बघता बघता दोन तुकडे झाले. करवतीनं हूं की चूं केलं नाही. जयजयकार झाला.

वखारीच्या कोपऱ्यात करवती दुरुस्त करणारी मिस्त्रीणबाई आपल्या दारात उभी होती. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते, ती हातांकडे बघत होती. पहिल्यांदा टोक लावलं. दुसऱ्यांदा पात्याचा पोटाकडचा भाग, इंजिनाला लागून. एवढीच जादू. तिला हसू येणार होतं, तोच दोरा कुठे बांधलाय हे तिला दिसलं.

करवतीच्या पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते. करवत उसळली की हात त्या ढालीवर आपटतो, किंवा नुसत्या हिसक्यानंही ढाल पुढे ढकलली जाते, ब्रेक लागतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. बाबांनी ती ढालच मुठीला आवळून टाकली होती.

तिचा धाकटा भाऊ तोड्याच होता. बाबांनी दोरा बांधलेली त्याची करवत तिनं त्याच संध्याकाळी समोर ओढली.

"सोड तो दोरा."

"ताई, तुला सगळीकडे लोखंडच दिसतं."

"लोखंडच आहे रे ते! हे बघ, साखळी वरून पुढे पळते आणि टोकाशी खाली वळते. टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की दात अडकतात. लाकूड हलत नाही, मग करवतच मागे उसळते. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"आणि म्हातारा? चाळीस वर्षं तोडत होता. त्याला नव्हतं कळत?"

"कळत होतं. त्याच्या करवतीचा ब्रेक दोनदा मोडलेला होता. मी ठेकेदाराला सांगितलं होतं, ही करवत कामावर पाठवू नका. पात्याचं टोक झाकणाऱ्या टोप्याही ठेकेदारानंच काढायला लावल्या, जाड ओंडक्यात आडव्या येतात म्हणून. कमी उसळणारी साखळी आणा म्हटलं, तर म्हणाला, ती कापते हळू."

भाऊ म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? सगळ्यांना दाखव."

तिनं दाखवलं. सुट्टीच्या दिवशी वखारीत लोखंडी चौकट उभी केली. करवत मागच्या बाजूनं एका खिळीवर अडकवली, वर उसळायला मोकळी. माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर भुशानं भरलेलं पोतं टांगलं. सगळ्यांना दूर उभं केलं, करवत चालू केली आणि लांब दांड्यानं एक लाकूड टोकावर सरकवलं.

पहिल्यांदा दोरा बांधलेला. करवत उसळली, पोत्यात शिरली आणि फिरतच राहिली. भुसा सगळ्यांच्या अंगावर उडाला.

दुसऱ्यांदा दोरा कापून, नव्या पोत्यासह. करवत तशीच उसळली, पण मध्येच खट्‌ असा आवाज झाला. साखळी थांबली. पोत्याला फक्त खळगा पडला.

"ब्रेक असला तरी करवत उसळतेच," ती म्हणाली. "म्हणून टोक लावायचं नाही, दोन्ही हातांनी अंगठा वळवून धरायची, खांद्याच्या वर कापायचं नाही, पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. आणि चूक झालीच, तर हा ब्रेक. तो बांधून ठेवू नका."

जुन्या तोड्याची विधवा पुढे येऊन पोत्यातल्या त्या खळग्यावर हात फिरवत राहिली. आता सुटलो सगळे, असं मिस्त्रीणबाईला क्षणभर खरंच वाटलं.

तेवढ्यात ठेकेदाराशेजारी उभे असलेले बाबा खळखळून हसले.

"बाई, माझा दोरा माणसाला राखतो. पोत्यात जीव असतो का?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. त्या हसण्यात मस्करी कमी आणि सुटकेचा श्वास जास्त होता. भूत असलं तर दोऱ्यानं भागतं. भूत नसलं, तर रोज हातात धरतो ती वस्तूच मारू शकते, हे मान्य करावं लागतं. ठेकेदारानं लगेच फर्मान काढलं, "ज्याच्या करवतीला दोरा नाही, त्यानं उद्यापासून येऊ नये."

"पटलंय गं ताई मला," भाऊ त्या दिवशी म्हणाला. "पण काम सोडून खाऊ काय? जपून कापीन."

तो जपूनच कापत होता. नवव्या दिवशी फांद्यांच्या गुंत्यात मागे दडलेल्या एका खोडाला टोक लागलं, एवढंच. ज्याची वाट बघत ढाल तिथे असते तो क्षण आला, आणि ढाल मुठीला बांधलेली होती.

डॉक्टरांनी जीव वाचवला, डावा डोळा नाही. तिसऱ्या दिवशी तो बोलू लागला. मिस्त्रीणबाई उशाशी बसली होती.

"ताई," तो पट्ट्यांच्या आडून म्हणाला, "दोरा होता म्हणून डोळ्यावर निभावलं. नाहीतर म्हाताऱ्यासारखा गेलोच असतो."

पायथ्याशी बसलेल्या भावजयीनं हात जोडून डोळे मिटले.

पटलेला एकच माणूस होता, तोही हातचा गेला. तिनं त्याचा हात धरला. "अरे, साखळी फिरत राहिली म्हणून डोळा गेला. दोरा नसता तर ब्रेक लागला असता."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

ती बाहेर आली. बाकावर त्याच्याबरोबरचे चौघे तोडे बसले होते. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. आवाज न चढवता, लहान मुलांना अक्षरं शिकवावीत तसं: टोक, दात, ढाल, ब्रेक. "भूत आहे की नाही, यावर वाद घालू नका. फक्त एवढं बघा, की ढाल हलते का. तुमच्याच हातानं ढकलून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाबांवरही नको, डोळ्यांवर ठेवा."

चौघांनी मान खाली घालून मनापासून ऐकलं. मग त्यांतला थोरला समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तुमचं खरं असेल हो, मिस्त्रीणबाई. पण दोरा असला तर बिघडतं काय?"

तिनं खोलीचं दार उघडून धरलं. "आत जाऊन बघा, काय बिघडतं ते."

ती बराच वेळ दार धरून उभी होती. चौघांपैकी कुणीही उठलं नाही.