दमलेल्या सेलवरचा दिवा

वायरमन निवृत्त झाला होता, पण त्याचा आवाज अजून नोकरीत होता. कारखान्यातल्या यंत्रांवर मात करत कमावलेला तो आवाज. बायकोला कमी ऐकू यायला लागल्यापासून त्याने तो आणखी चढवला. आता तो बायकोला पाणी मागायचा तेव्हा शेजारीण आपली मुलं आत घ्यायची.

मध्यंतरी वायरमन बाहेर गेला असताना बायकोची बहीण भेटायला आली, बेल दाबून दाबून कंटाळली आणि परत गेली. बायको तेव्हा स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून निवांत भाजी चिरत होती. ते तिच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून दुपारभर ती दारापाशी खुर्ची टाकून बसू लागली. विणकाम बंद, वाचन बंद, नुसती दारावर नजर. घराला पगार न देता पहारेकरी मिळाला होता, आणि वायरमनला तो बघवत नव्हता.

रविवारी मेहुणी पुन्हा येणार होती. त्याआधी ओट्याच्या वर एक दिवा बसवायचा, बेल दाबली की पेटणारा, असं त्याने ठरवलं. जन्मभर लोकांच्या घरात उजेड पाडलेल्या माणसाला हा डाव्या हाताचा मळ. त्याने लहानसे लाल एलईडी आणले आणि रिमोटमधल्या जुन्या सेलवर लावून पाहिले. झकास पेटले. बायकोने खुर्चीतूनच मान डोलावली. मग त्यातला एक त्याने बेलच्या बारा व्होल्टवर जोडला. तो एकदा लख्ख झाला आणि गेला. दुसराही त्याच वाटेने गेला. वायरमनने दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मुलगी खेळण्यांच्या कारखान्यात दिवे तपासायची. तिने मधे एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा रोध, घालायला सांगितलं. वायरमनला हा धंद्याचा अपमान वाटला. त्याच्या लेखी रोध म्हणजे सैल जोड, करपलेली वायर आणि साहेबाच्या शिव्या. असले अडथळे काढण्यात हयात गेली, आणि पोटची पोर सांगते की वाटेत मुद्दाम एक घाला.

"बल्बला कधी घालावा लागला नाही," तो गरजला.

"बल्बची तार तापली की आपली आपण आवरतं घेते, बाबा. याला आवरताच येत नाही. द्याल तेवढं घेतो आणि मरतो."

"मग सेलवर कसा जगला?"

"त्या सेलांत मुळात जोर कमी, त्यात ते दमलेले. देतानाच हात आखडता घेत होते."

मुलगी सावकाश बोलायची, त्यामुळे खुर्चीतल्या बायकोला सगळं समजत होतं.

"तुमचंही तसंच आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "दमून बसलात की तुमचं बोलणं कळतं मला. एरवी नुसता आवाज येतो."

वायरमनने तोंड उघडलं, आतला दाब जोखला आणि मिटलं. मग जरा बेतानेच विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही ओरडत होता."

त्याने मुलीकडून तो रेझिस्टर मागून घेतला. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, अंगावर रंगीत पट्टे. राहिलेल्या एलईडीच्या वाटेत त्याने तो सोल्डर केला आणि मुलीला बेल दाबून धरायला दाराबाहेर पाठवलं. ओट्याच्या वर लाल टिकली उमटली. तो श्वास रोखून बघत राहिला. टिकली काही गेली नाही. उजेड जरा बेताचाच आहे, अशी कुरकुर त्याने केली, पण तीही हळू आवाजात.

रविवारी खुर्ची स्वयंपाकघरात परतली होती आणि बायको दाराकडे पाठ करून विणत होती. टिकली पेटली. तिने सुया खाली ठेवल्या आणि ती वळली, तर समोर वायरमन.

"दार," तो म्हणाला, इतक्या हळू की शेजारी उभ्या मुलीला ते कळलंच नाही.

"ऐकलं," बायको त्याच्या ओठांकडे बघत म्हणाली आणि बहिणीला दार उघडायला गेली.