खरवडलेला तळ

वेसाव्याच्या कोळीवाड्यात घराघरांत जाऊन वनमालेने बायकांना समजावलं होतं. "लोखंड बांधलेलं जाळं तळावरनं ओढलं की खालचं सगळं खरवडून निघतं, गं. मासळीने अंडी घालायची कुठं?" बायकांना पटलं, त्यांनी पुरुषांना पटवलं. किनाऱ्यालगत तसली जाळी ओढायला बंदी आली, तेव्हा गावाने वनमालेची ओटी भरली. तिचा नवरा शिवदास मात्र घरी येऊन एवढंच म्हणाला, "मी सोडतो. पण बाहेरचे सोडतील?"

नाही सोडलं. लांबच्या बंदरांतल्या मोठ्या बोटी भरदिवसा समोर जाळी ओढत फिरायच्या. वनमाला मत्स्य खात्याला फोन करकरून थकली. "गस्तीची बोट बिघडलीये, ताई," हेच उत्तर. शिवदास वरच्या पाण्यातल्या मासळीसाठी जाळं टाकायचा आणि मूठभर घेऊन परतायचा. खलाशी एकेक करून सोडून गेले. अंधेरीच्या बाजारात वनमालेच्या टोपलीपुढे गिऱ्हाईक थांबेना. शेजारी बसणाऱ्या माणिककडे मात्र बोटाएवढ्या पापलेटांचा ढीग असायचा.

"माणिक, पिल्लं आहेत गं ही."

"मग? मी नाही विकली तर दुसरी विकेल."

वनमाला आपल्या टोपलीवर पाणी शिंपडू लागली.

एका सकाळी किनाऱ्यावरून तिला पुन्हा त्या बोटी दिसल्या. तिने फोन लावला, भांडली, रडकुंडीला आली. या खेपेला गस्तीची बोट खरंच निघाली.

दुपारी ती धक्क्यावर धावली. गस्तीच्या बोटीमागे दोराने बांधलेली एकच बोट येत होती. शिवदासची. माळ्यावरचं लोखंड बांधलेलं जुनं जाळं तो तिला न सांगता घेऊन गेला होता. मोठ्या बोटी केव्हाच खोल पाण्यात पळाल्या. त्याचं म्हातारं इंजिन कुठवर पळणार?

गस्तीवरच्या साहेबांनी जाळं धक्क्यावर रिकामं करायला लावलं. चिखल, फुटके शिंपले, प्लास्टिक, दोन मेलेले खेकडे. बाकी काही नाही.

"फोन तू केलास?" शिवदासने विचारलं.

"हो. त्यांच्यासाठी केला होता रे."

"ठाऊक आहे."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो खाली बसून जाळ्यातला चिखल निपटू लागला. जाळं जप्त झालं होतं, आता त्याचं राहिलं नव्हतं, तरी.

समोर मोठ्या बोटी पुन्हा किनाऱ्याकडे वळत होत्या. वनमालेने साहेबांना हात करून दाखवल्या.

"आजचं डिझेल संपलं, ताई," ते म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.